यंत्रपूजा पुरे, यंत्रपरिचय हवा

आश्विन शुद्ध नवमीला आपल्या घरांतून आयुधांची पूजा होते. महाराष्ट्रात हिला खंडेनवमी म्हणतात, इकडे कर्नाटकात आयुधपूजा. पूर्वी विळी, कोयता, हातोडी, तराजू अशी आयुधे पाटावर मांडली जात. आता त्यांच्या पंक्तीला शिलाईयंत्र, मोटार आणि स्वयंपाकघरातला मिक्सर येऊन बसला आहे. हळदकुंकू वाहावे, झेंडूचे फूल ठेवावे, हात जोडावे. येथपर्यंत सर्व यथासांग होते. परंतु देवाची पूजा करण्यापूर्वी कालचे निर्माल्य काढावे लागते, हे ज्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते, त्याच घरात मिक्सरच्या बुडाशी पाच वर्षांचे खोबरे, पीठ आणि मसाला साचून वाऱ्याची भोके बुजलेली असतात, आणि ते बूड उघडते कसे हे एकाही माणसाला सांगता येत नाही. पूजा डोक्याची आणि अज्ञान बुडाचे, असा हा प्रकार आहे.

हुबळी-धारवाडच्या ज्या मंडळींना हे बोल कठोर वाटतील, त्यांनी एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. घरी श्राद्ध आहे, किंवा देवळातील समाराधनेसाठी काही पदार्थ करून न्यावयाचा आहे. नारळ खवलेला आहे, मिरची भिजत घातलेली आहे, आणि वाटण अर्ध्यावर आले असता मिक्सर गप्प होतो. घरातील कर्ता पुरुष येतो, बटन दोनचार वेळा उलटसुलट फिरवितो, वरून एक थाप मारतो आणि निदान करतो, ‘गेला!’ हा कर्ता पुरुष अनेकदा पदवीधर असतो. कित्येकदा चक्क अभियंता असतो. संध्याकाळी नवा मिक्सर घरात येतो. जुना माळ्यावर चढतो किंवा रद्दीवाल्याच्या तराजूत लोखंडाच्या भावाने पडतो. त्या मिक्सरच्या बुडाशी एक लहानसे तांबडे बटन होते, भार अधिक झाल्यामुळे ते आपण होऊन बाहेर आले होते, आणि पाचदहा मिनिटे थांबून ते बोटाने आत दाबले असते तर यंत्र पूर्ववत चालू लागले असते, ही गोष्ट त्या घरात कोणालाच कळत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही आणि उघडून पुन्हा जोडता येत नाही, तिचे पैसे आपण दिले असले तरी तिच्यावर आपली मालकी अपुरीच राहते. स्वयंपाकघरातले एक लहान यंत्र सुटे करून पुन्हा बसविणे ही विद्या अक्षरओळखीइतकीच सामान्य मानली गेली पाहिजे, आणि ती शिकविण्याचे काम घराने व समाजाने अंगावर घेतले पाहिजे.

प्रथम त्या यंत्राच्या पोटात आहे तरी काय, ते पाहू. मिक्सर उलटा केला की रबरी पाय दिसतात. त्यांच्या आत किंवा शेजारी तीनचार स्क्रू असतात. ते काढले की बुडाची झाकणी सुटते. आत एक मोटर, एक फिरते बटन, ते तांबडे संरक्षक बटन आणि चारसहा तारा. एवढाच संसार! मोटरीचा बाहेरचा भाग स्थिर असतो, त्याला फील्ड म्हणतात. आत फिरतो तो आर्मेचर. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे गोल कडे असते आणि त्यावर दोन बाजूंनी कोळशाचे दोन लहान ठोकळे स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. हेच कार्बन ब्रश. वीज त्यांच्यावाटे फिरत्या भागात जाते. कडे फिरते आणि ठोकळे घासतात. तेव्हा ते झिजणारच. त्यांनी झिजावे आणि तांब्याचे कडे वाचावे, हीच त्यांची योजना. ते आखूड झाले की आत ठिणग्या दिसू लागतात आणि यंत्र अडखळते. बाजारात ब्रशची जोडी दोनचार चहांच्या किमतीत मिळते. तिच्या अभावी आपण काही हजारांचे यंत्र भंगारात काढतो.

मोटरीच्या माथ्यावर दातेरी चकती असते, तिला कपलर म्हणतात. भांड्यात काही कठीण अडकले, तर मोटर जळण्यापूर्वी हिचे दाते तुटतात. मोटर घोंघावते पण पाते फिरत नाही, अशी तक्रार आली की दहांत नऊ वेळा संशयित हीच, असे कोणताही जुना कारागीर सांगेल. पुष्कळ मिक्सरांत हिचा आटा उलटा ठेवलेला असतो, कारण फिरताना बसणाऱ्या ओढीने ती सुटू नये. हे ज्याला ठाऊक नाही तो सवयीप्रमाणे डावीकडे पिळतो, आणि सैल होण्याऐवजी ती अधिकच आवळली जाते. भांड्याच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर वॉशर किंवा बुश गेला असे समजावे. तेच पाणी मोटरीत उतरून पुढचा अनर्थ करते. यात गूढ असे काय आहे? व्याकरणातील संधी सोडविण्याइतकी बुद्धी यास पुरते.

उघडणे मात्र अर्धेच काम आहे. खरी परीक्षा पुन्हा जोडण्यात. त्यासाठी शिस्त लागते. सुटा केलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ताटात मांडावा, तारांच्या रंगांची टिपणे करावीत, आणि उलट्या क्रमाने सर्व बसवावे. शेवटी एक स्क्रू उरला तर ‘चालते ना, मग झाले’ म्हणून तो डबीत टाकू नये. पुन्हा उघडून त्याची जागा शोधावी. ज्या मुलाने हे एकदा केले, त्याला क्रम, धीर आणि प्रामाणिकपणा या तीन गोष्टी एका दुपारी शिकता येतात.

आता कोणी म्हणेल, ही कारागिरी आपल्या घराण्यांत नव्हतीच. हे साफ खोटे आहे. आपल्या आजीचा स्टोव्ह आठवा. १८९२ मध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश गृहस्थाने बनविलेला प्रायमस स्टोव्ह आणि त्याची भावंडे आपल्या स्वयंपाकघरांत कित्येक दशके नांदली. ज्योत पिवळी झाली की आजी पिन घालून नळीचे भोक साफ करी. पंप हवा धरीनासा झाला की दांडा बाहेर काढून चामड्याचा वॉशर तेलात भिजवी, पसरट करी आणि पुन्हा बसवी. बर्नर उघडणे, जोडणे, चाचणी घेणे, हे सारे ती सोवळ्याच्या वेळा सांभाळून करीत होती. आणि तो स्टोव्ह दाबाखालच्या रॉकेलचा होता, म्हणजे मिक्सरपेक्षा काकणभर अधिकच धोक्याचा! तिला कोणी यंत्रज्ञ म्हटले नाही. तिच्या पदवीधर नातवाला मात्र मिक्सरचे बूड म्हणजे गर्भगृह वाटते, जेथे आपल्याला प्रवेश नाही.

तीच गोष्ट पाट्या-वरवंट्याची, जात्याची, आणि कोंकणीत ज्याला रगडो म्हणतात त्या दगडाची. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारा दारावर येई आणि छिन्नीने त्याला पुन्हा खरवड आणून देई. पितळी भांड्यांना कथलाची कल्हई होत असे. नवसागराचा तो वास आजही कित्येक वाचकांच्या नाकात असेल. पातेले काळवंडले म्हणून कोणी ते फेकले नाही, आणि रगडो गुळगुळीत झाला म्हणून कोणी तो रस्त्यावर टाकला नाही. वस्तू झिजते, तिला पुन्हा तेज आणावे लागते, हा संसाराचा साधा नियम होता. देवळाच्या बाबतीत आपण तो अजून मानतो. कौले फुटली की देऊळ बदलत नाही, जीर्णोद्धार करतो, आणि त्याच्या वर्गणीत नाव आले तर धन्यता मानतो. मग घरातील वस्तूच्या वाट्याला एवढी निष्ठुरता का?

या मिक्सरचा जन्मच मुळी एका बिघाडातून झाला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६०च्या दशकात मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे सत्यप्रकाश माथुर हे एक अभियंते होते. त्यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणाच्या भाराने जळाला. तो त्या देशातील फळे घुसळण्यासाठी केलेला; भिजलेली डाळ, ओले खोबरे, सुकी हळद यांच्याशी त्याची गाठ कधी पडलीच नव्हती. पत्नी माधुरी यांनी आपल्या स्वयंपाकाला टिकेल असे यंत्र तुम्हीच का बनवीत नाही, असा प्रश्न टाकला, आणि माथुरांनी तो मनावर घेतला. अधिक ताकदीची मोटर, निराळी पाती, निराळी भांडी अशी जुळवाजुळव होऊन ‘सुमीत’ मिक्सर निघाला आणि पुढे भारतीय स्वयंपाकघरात घरोघर पोचला. त्या घरातही ‘गेला!’ म्हणून दुसरा परदेशी मिक्सर आणला असता, तर काय झाले असते? तो का जळाला, हा प्रश्न कोणीतरी विचारला म्हणून आज आपल्या घरात चटणी होते. आणि ज्या यंत्राचा जन्म या प्रश्नातून झाला, त्याच्याविषयी तोच प्रश्न विचारण्याचे आपण सोडून दिले आहे.

हुबळीकराला तर या बाबतीत सबबच नाही. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने येथे कारखाना काढला, आणि त्या कारखान्यात आजही आगगाडीच्या डब्यांची मुदतीची दुरुस्ती होते. ठरलेल्या मुदतीने डबा आत येतो, चाकांच्या गाड्यावरून वर उचलला जातो, चाके, ब्रेक, स्प्रिंगा सुट्या होतात, तपासल्या जातात, झिजलेले बदलले जाते, आणि सर्व पुन्हा जोडून डबा रुळावर येतो. मोडल्यावर नव्हे, मोडण्यापूर्वी! ज्या शहराने पिढ्यान् पिढ्या कित्येक टनांचा डबा सोडविला आणि जोडला, त्या शहरात चार किलोंच्या यंत्रासाठी हात वर करावे लागतात. १९४७ पासून येथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, २०१६ पासून धारवाडला आयआयटी आहे. विद्या गावात आली. ती घरात यावयाची राहिली आहे.

ती का राहिली, याचे उत्तर अप्रिय आहे, पण ते द्यावयास हवे. आपण लेखणीने पोट भरणारी माणसे. शिक्षक, वकील, बँकेतील अधिकारी, आता संगणकावर काम करणारे. हात काळे न होता मिळालेल्या भाकरीला आपण मनातल्या मनात वरची जागा दिली. ‘हे आपले काम नव्हे’ या वाक्यात जेवढा आळस आहे त्याहून अधिक उच्चनीचतेचा दर्प आहे. ज्या कारागिराने दगडाला टाकी लावली त्याला आपण ओसरीच्या पायरीवर बसविले, आणि त्याची विद्याही त्याच पायरीवर ठेवली. त्याचे प्रायश्चित्त आज आपण दुकानाच्या गल्ल्यावर मोजीत आहोत.

यालाही अपवाद होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, रंगांधळेपणामुळे ते शिक्षण सुटले, आणि ते यंत्रांकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. सायकली विकणे, दुरुस्त करणे, आणि मग स्वतःच काही बनवून पाहणे, अशा पायऱ्यांनी ते कडबा कापण्याच्या यंत्रावर व लोखंडी नांगरावर पोचले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीत ना. तरी ते डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. आपल्याच प्रदेशातील या माणसाची विद्या पाने व पेचकस हाती घेऊन वाढली. त्याच्या नावाचा अभिमान आपण धरतो. त्याच्या हातांचा धरत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, विजेशी खेळ नको. अगदी बरोबर, खेळ नकोच, अभ्यास हवा. पिन भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवल्याखेरीज एकही स्क्रू सोडू नये. यंत्र पूर्ण जोडून झाकणी बसल्याशिवाय वीज देऊ नये. संरक्षक बटन त्रास देते म्हणून तारेने ते टाळू नये, कारण यंत्र त्याच्याच जोरावर जगते. वायरीचे आवरण तडकले असेल तर चिकटपट्टीवर भागवू नये, वायर बदलावी. जळका वास येऊन कॉइल काळी पडली असेल तर ते आपले काम नाही, ते जाणत्याकडे न्यावे. आपली मर्यादा कोठे आहे हे ज्ञानानेच कळते. अज्ञानाला तीही कळत नाही. दोनशे तीस व्होल्टांचे यंत्र ओल्या हाताने चालविणारा माणूस ते बंद करून उघडण्यास भितो, ही भीती विचाराची नव्हे, सवयीची आहे.

दुसरा आक्षेप, वेळ कोणाला आहे? नवा मिक्सर निवडण्यासाठी दोन संध्याकाळी फिरतीत गेल्या, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिसरा आक्षेप अधिक सहृदय आहे. आपण घरीच दुरुस्ती करू लागलो, तर दुर्गदबैलच्या गल्लीत बसणाऱ्या कारागिराने काय खावे? त्याची काळजी आपल्याला आत्ताच कशी वाटू लागली, हे राहू द्या. त्याचा धंदा आपल्या पेचकसाने बुडत नाही. तो बुडतो आपल्या फेकून देण्याने. ज्याने बूड उघडून पाहिले आहे तो आर्मेचर गेले हे ओळखून त्याच्याकडे मोटर बांधावयास नेईल, आणि त्या कामाचे मोलही जाणेल. ज्याने काहीच पाहिले नाही तो त्याच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि मग सरळ नव्या दुकानाची पायरी चढतो.

चौथी गोष्ट आक्षेप नसून वस्तुस्थिती आहे, आणि तेथे दोष आपला नाही. अलीकडे पुष्कळ वस्तू उघडताच येऊ नयेत अशाच बनविल्या जातात. कोठे स्क्रूऐवजी डिंकाचे सांधे, कोठे पेचकस लागणार नाही अशा आकाराची डोकी, कोठे ‘उघडल्यास हमी रद्द’ अशी चिठ्ठी. सुटा भाग मागावा तर संपूर्ण जोडच घ्या असे उत्तर. ही बुद्धी आजची नव्हे. १९२४ मध्ये जिनीव्हा येथे मोठ्या दिवे-कंपन्यांनी एकत्र येऊन विजेचा दिवा हजार तासांपलीकडे टिकू नये असा करार केला होता. वस्तू लवकर मेली की गिऱ्हाईक लवकर परत येते, हा हिशेब शंभर वर्षांचा जुना आहे.

त्याला उत्तरेही निघत आहेत. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होतात याचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ उघडले; घरगुती टिकाऊ वस्तूही त्याच्या कक्षेत आहेत. विद्युत-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने दिलेला हक्क वापरण्यास हात लागतात. ज्याला बूड उघडता येत नाही, त्याला दुरुस्तीचा हक्क म्हणजे निरक्षराला मिळालेले ग्रंथालयाचे सभासदत्व.

म्हणून तीन सूचना करतो. पहिली, खरेदीची. मिक्सर घेताना रंग आणि सवलत विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: बूड साध्या पेचकसाने उघडते का? ब्रश, कपलर, वॉशर सुटे मिळतात का? आतील जोडणीचा नकाशा मिळेल का? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारले तर दुकानदार कंपनीला विचारील. दुसरी सूचना घराची. येत्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, पिन काढून, घरातील मुलगा आणि मुलगी या दोघांनाही जवळ बसवून मिक्सर उघडावा, आतील धूळ मऊ ब्रशाने झाडावी, कोळशाचे ठोकळे पाहावे, सर्व जोडावे, चालवून पाहावे. आणि मग दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहावे. ती पूजा खरोखर आयुधाची होईल.

तिसरी सूचना आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना. ऍमस्टरडॅम शहरात १८ ऑक्टोबर २००९ रोजी मार्टिन पोस्टमा या बाईंनी एक मेळावा भरविला: मोडक्या वस्तू घेऊन या, जाणकारांच्या शेजारी बसा, आपल्या हाताने दुरुस्त करून घरी न्या. ती चाल जगभर पसरली. बंगळुरातही २०१५ पासून असे मेळावे भरत आले आहेत. आपल्या देवळांना सभागृहे आहेत, पाकशाळा आहेत, निवृत्त रेल्वे कामगार आणि अभियंते भक्तांच्या रांगेत उभे आहेत. महिन्यातून एका रविवारी, आरती झाल्यावर, सभागृहात चार टेबले मांडून हे का होऊ नये? गल्लीतील कारागिरालाही मानाने बोलवावे, त्याला गुरूच्या आसनावर बसवावे, दक्षिणा द्यावी. ओसरीच्या पायरीचा तो जुना हिशेब चुकता करण्याची याहून चांगली संधी मिळावयाची नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा मिक्सरसाठी केवढे हे व्याख्यान! वस्तू लहान आहे, हे खरे. पण पुढच्या पिढीच्या हाती आपण बंद डबेच देणार, की ते उघडण्याची विद्याही देणार, याचा निर्णय अशा लहान वस्तूंवरच होत असतो. पेचकस स्वस्त आहे. नवमी दरवर्षी येते.